नियम पाठ आहेत, तरी बोट थांबत नाही

समजा टी-ट्वेंटी सामन्यात एका संघावर २.०० च्या भावाने तुम्ही १०० पौंड लावले, म्हणजे संघ जिंकला तर मुद्दलासह दोनशे परत. सलामीच्या जोडीने धुलाई केली आणि भाव १.६० वर आला. आता त्याच संघावर १२५ पौंड 'खाल्ले', म्हणजे दुसऱ्या कुणी त्या संघावर लावलेले १२५ पौंड आपण अंगावर घेतले, की हिशेब मिटला. संघ जिंकला तर १०० आले, ७५ गेले. हरला तर १०० गेले, १२५ आले. निकाल काहीही लागो, कमिशन सोडलं तर २५ पौंड आपले. उलट दोन विकेट पटापट पडून भाव ३.०० झाला, तर साधारण ६७ पौंड खाऊन बाहेर पडता येतं. तेहतीस पौंडांचं नुकसान होतं, पण ते तिथेच थांबतं.

आपल्याकडच्या बुकींची लगाई-खाई ती हीच. ब्रिटनमध्ये २००० साली सुरू झालेल्या बेटफेअर या सट्ट्याच्या साइटने ती पडद्यावर आणली. तिथे समोर बुकी नसतो. लावणारा आणि खाणारा दोघेही गिऱ्हाईकच, आणि कंपनी जिंकणाऱ्याच्या नफ्यातून कमिशन कापते. ब्रिटनमध्ये हे कायदेशीर आहे, आपल्याकडे नाही. मुंबई प्रांताचा १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच. शिवाय ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घालणारा कायदा केला.

हे गणित मला समजावलं ते जुळे सोलापुरातून एमएस्सीसाठी इंग्लंडला गेलेल्या, ओळखीतल्या एका मुलाने. गड्ड्याच्या यात्रेला घरी आला होता. त्याला तिकडे एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाणाऱ्या विकाराचं, निदान झालं आहे. गणितात तो पक्का आहे. तेहतीस पौंडांवर बाहेर पडायचं, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. "काका, नियम पाठ आहेत," तो म्हणाला, "पण विकेट पडली की ते कुठं जातेत कळत नाही. बाहेर पडायच्या ऐवजी मी अजून दोनशे लावतो."

घरच्यांचं उत्तर तयार होतं: शिस्त नाही. मेंदूविज्ञानाचं उत्तर जरा वेगळं आहे.

प्रयोगशाळेत एक साधी चाचणी घेतात. पडद्यावर बाण दिसतो. तो डावीकडे असेल तर डावं बटण दाबायचं, उजवीकडे असेल तर उजवं, तेही जमेल तितक्या झटपट. मधूनच, बाण दिसल्यावर क्षणार्धात, 'टूं' असा आवाज येतो. तो आला तर बटण दाबायचं नाही. आवाज बाणालगेच आला तर थांबता येतं, थोडा उशिरा आला तर बोट आधीच निघालेलं असतं. गॉर्डन लोगन आणि विल्यम कोवन यांनी १९८४ मध्ये यामागचं गणित मांडलं. त्यावरून निघालेली क्रिया थांबवायला मेंदूला किती वेळ लागतो ते काढता येतं. निरोगी प्रौढांत हा वेळ पाव सेकंदाच्या आसपास असतो. एडीएचडी असलेल्यांत सरासरीने तो जास्त असतो, आणि बटण दाबायला लागणारा वेळही दर खेपेला बराच कमीजास्त होतो. सरासरीने हे महत्त्वाचं, कारण दोन्ही गटांतली माणसं एकमेकांत मिसळलेली असतात. त्यामुळे नुसत्या या चाचणीवरून निदान करता येत नाही. पण त्या मुलाच्या प्रश्नाची दिशा इथे दिसते. त्याला नियम माहीत आहे. माहीत असणं आणि त्या क्षणी करणं यांच्यामधला सांधा कच्चा आहे.

दुसरी गोष्ट बक्षिसाची. आज पाचशे हवेत की महिन्याने आठशे, असं विचारलं तर एडीएचडी असलेली माणसं सरासरीने आजच्या पाचशेकडे जास्त झुकतात. लांबची किंमत त्यांच्या मनात लवकर घसरते. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की फळांचा रस अनपेक्षितपणे मिळाला की मेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी उसळतात. पुढे रसाआधी येणाऱ्या खुणेलाच उसळतात, आणि खूण होऊन रस आलाच नाही तर ऐन वेळी गप्प होतात. म्हणजे ही यंत्रणा मोजते ती अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतली तफावत. नोरा वोल्को यांच्या गटाने २००९ मध्ये एडीएचडी असलेल्या पण औषधं न घेतलेल्या ५३ प्रौढांचे मेंदू तपासले, तेव्हा एडीएचडीत बक्षिसाच्या या वाटेवरच्या डोपामिनच्या खुणा कमी आढळल्या. डोपामिन आणि जुगार यांचा संबंध आणखी एका बाजूने कळला. पार्किन्सनच्या काही रुग्णांना डोपामिनसारखं काम करणारी औषधं दिल्यावर, आयुष्यात पत्त्याला हात न लावलेली माणसंही जुगाराच्या नादी लागली.

आता सामना चालू असतानाचा बाजार बघा. टी-ट्वेंटीत दोन्ही डाव पूर्ण झाले तर २४० चेंडू, आणि प्रत्येक चेंडूला भाव हलतो. दर मिनिटाला नवी खूण, नवी तफावत. ज्या मुलाला वर्गात दहा मिनिटं बसवत नव्हतं, तो इथे चार तास हलत नाही. त्याला वाटतं, आपल्यासाठीच बनलेलं काम सापडलं. मला वाटतं खरी फसगत इथेच होते. एडीएचडीत लक्ष नसतं असं नाही. जिथे नवीन काही घडतंय आणि निकाल लगेच लागतोय, तिथे ते चिकटून बसतं. पण चिकटलेलं लक्ष आणि शाबूत ब्रेक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाजाराला पहिली हवी असते. तुमचे पैसे वाचवते ती दुसरी.

त्यात प्रक्षेपणाचा उशीर. मोबाईलवरचं चित्र मैदानापेक्षा कित्येक सेकंद मागे असतं. सोलापूरच्या सात रस्त्यावरच्या टपरीवर 'चौकार गेला' म्हणून कुणी बटण दाबेपर्यंत भाव हलून मोकळा झालेला असतो. चपळाईचा फायदा घेऊ असं वाटणारा माणूस इथे शिळ्या बातमीवर खेळत असतो.

सोलापुरात जे चालतं ते याहून वाईट. एजंट व्हॉट्सॲपवर आयडी देतो, उधारीवर खेळवतो आणि हिशेब आठवड्याने करतो. मजा आत्ता, पैसे सोमवारी. लांबची किंमत ज्याला आधीच पुसट दिसते, त्याला अडकवायला यापेक्षा चोख व्यवस्था मुद्दाम ठरवूनही जमली नसती. निदान ब्रिटनमध्ये काही ब्रेक बाहेरून मिळतात. खात्यात किती पैसे भरायचे याची मर्यादा आधी घालता येते. एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डाने जुगार खेळायला बंदी आहे. गॅमस्टॉप या सेवेत नाव नोंदवलं की ठरावीक मुदतीपर्यंत तिथल्या परवानाधारक साइट तुम्हाला घेतच नाहीत, मध्येच मन बदललं तरी नाही.

एडीएचडी सांभाळायचं तर ब्रेक डोक्याच्या बाहेर हवा. यंत्रमागावर आडवा धागा तुटला की एक छोटा काटा ते ओळखतो आणि माग बंद पडतो. कामगाराने सावध राहायची वाट यंत्र बघत नाही. निश्चयाने हे काम होत नाही, कारण निश्चय करतो तो शांत डोक्याचा माणूस आणि तो पाळायचा असतो तापलेल्या डोक्याने.

मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी यावर साधा उपाय अभ्यासला आहे: 'अमुक झालं, की तमुक करायचं' असं आधीच जोडून ठेवणं. 'मी संयम ठेवीन' हा नुसता संकल्प झाला. 'विकेट पडली, की मोबाईल पालथा ठेवून पाणी प्यायला उठायचं' ही जोडणी. एडीएचडी असलेल्या मुलांनाही अशा जोडणीने बटण दाबायच्या चाचण्यांत थांबायला मदत झाल्याचं दिसलं आहे. त्या मुलाने याच्याही पुढे जाऊन सामना चालू असताना खेळणंच सोडलं. नाणेफेकीआधी काय तो सौदा, बाहेर पडायचा भावही तेव्हाच टाकून ठेवायचा, आणि मग फोन रूम पार्टनरकडे. या नियमाने नफा वाढला का, असं मी विचारलं. "नाही," तो हसला, "झोप वाढली."

औषधांबद्दल एक बारीक गोष्ट, जी फारसं कुणी सांगत नाही. मिथाइलफेनिडेट या एडीएचडीवरच्या औषधाची साधी गोळी तीन-चार तास काम करते, दीर्घ असर असलेली आठ ते बारा तास. सकाळी कॉलेजसाठी घेतलेली गोळी संध्याकाळपर्यंत ओसरलेली असते. आयपीएलचा सामना साडेसातला सुरू होऊन अकराच्या पुढे जातो. म्हणजे दिवसभर सावरलेला माणूस नेमका ब्रेक सुटलेल्या वेळी बाजारात बसतो, तोही दमलेला. यावर उपाय म्हणून मनानेच संध्याकाळी आणखी एक गोळी घेऊ नये. झोप उडते, आणि मात्रा ठरवणं डॉक्टरांचं काम आहे.

रील बघून 'मलाही एडीएचडी आहे' म्हणणारे सध्या बरेच भेटतात. निदानासाठी काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात, आणि एकाहून जास्त ठिकाणी, म्हणजे घरी, कामावर, अभ्यासात. म्हणून मानसोपचारतज्ज्ञ जुनी प्रगतिपुस्तकं मागतात, आईशी बोलतात. तीन वर्षांपासून सट्टा खेळतोय आणि तेव्हापासून लक्ष लागत नाही, ही तक्रार वेगळी. २०१३ पासून अमेरिकन मानसोपचाराच्या निदानपुस्तिकेत जुगाराचा विकार दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्याच प्रकरणात आहे. दोन्ही एकत्रही असू शकतात, आणि मग उपचारही दोन्हींवर करावे लागतात. उधारीचा आकडा घरी सांगायची हिंमत होत नसेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो. तिथे मराठीत बोलता येतं.

जाताना त्याने विचारलं, की भारतात परत आल्यावर हेच डोकं शेअर बाजारातल्या ऑप्शन्समध्ये चालवलं तर? ते तर कायदेशीर आहे. मी त्याला शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अहवाल दाखवला. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. तोटा सरासरी माणशी दोन लाखांच्या आसपास, आणि हे सगळ्यांचं, एडीएचडी असो वा नसो. त्याने आकडा वाचला आणि पहिला प्रश्न केला, "मग ते सात टक्के काय करतेत?"