‘स्वयम’ वेगळा, ‘प्रथम’ वेगळा

२०१६ साली महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांनी बांधलेले दोन उपग्रह श्रीहरिकोट्याहून अवकाशात गेले, दोन्ही इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटवर स्वार होऊन. २२ जूनला पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजचा ‘स्वयम’ गेला, २६ सप्टेंबरला आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’. दोघांच्या मागे कित्येक वर्षांचं काम होतं, त्यामुळे एकाची माहिती दुसऱ्याच्या नावावर सहज खपून जाते.

वजनातला फरक लगेच कळतो. स्वयम जेमतेम एक किलोचा, दहा सेंटिमीटर बाजूचा घन. प्रथम दहा किलोंचा. कामंही निराळी. स्वयमने एका ठिकाणचा संदेश रेडिओवरून घ्यायचा, साठवायचा आणि दुसऱ्या ठिकाणावरून जाताना खाली द्यायचा. प्रथमने आयनोस्फिअरमधले, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातले, इलेक्ट्रॉन मोजायचे.

पण खरा फरक माझ्या मते दिशेच्या प्रश्नात आहे. रॉकेटपासून सुटलेला उपग्रह गरागरा फिरू शकतो. त्याला आवरायचं कसं?

स्वयममध्ये त्यासाठी एक कायमचा चुंबक बसवला होता. होकायंत्राच्या सुईसारखा तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धरून राहतो, आणि नुसताच झुलत राहू नये म्हणून सोबत हिस्टेरिसिसच्या, म्हणजे मऊ चुंबकीय धातूच्या, कांड्या असतात. त्या हेलकाव्यांची ऊर्जा उष्णतेत घालवतात. वीज लागत नाही, सॉफ्टवेअर लागत नाही. सोपं वाटतं ना? पण त्याचा जाच बाकीच्या टीमना होतो. चुंबक बंद करता येत नाही, म्हणून कोण कुठला स्क्रू आणि कुठल्या धातूची बॅटरी वापरतो यावर नजर ठेवावी लागते. शिवाय ध्रुवांवर क्षेत्ररेषा जमिनीशी काटकोनात असतात आणि चुंबकीय विषुववृत्तावर आडव्या, त्यामुळे ध्रुवांवरून जाणारा असा उपग्रह एका प्रदक्षिणेत दोन गिरक्या घेतो. अँटेनाचं गणित त्या गिरक्या धरूनच करावं लागतं.

प्रथमला हे चालणारं नव्हतं. त्यात मॅग्नेटॉर्कर होते, म्हणजे प्रवाह सोडला की चुंबक होणारी विजेची वेटोळी: सूर्याचे सेन्सर, चुंबकीय क्षेत्र मोजणारा मॅग्नेटोमीटर आणि जीपीएस यांच्याकडून माहिती घ्यायची, काँप्युटरने हिशेब करायचा, मग वेटोळ्यांत हवा तेवढा प्रवाह सोडायचा. यातही मेख आहे. मिळणारा पीळ (टॉर्क) चुंबकीय क्षेत्राच्या काटकोनातच असतो; त्या क्षणी क्षेत्राच्या रेषेभोवती उपग्रह वळवता येत नाही. कक्षेत पुढे सरकल्यावर क्षेत्राची दिशा बदलते, तोवर थांबायचं. म्हणजे कंट्रोल्सच्या टीमचा हिशेब पॉवरच्या टीमने दिलेल्या विजेवर आणि ऑनबोर्ड काँप्युटरच्या टीमने दिलेल्या वेळेवर अवलंबून. एकाने बजेट ओलांडलं की तिघांना पुन्हा बसावं लागतं.

प्रथमचं एक अंग तर जमिनीवरच होतं. तो सुमारे १४६ आणि ४३७ मेगाहर्ट्झवर संकेत पाठवायचा. आयनोस्फिअरमधून येताना रेडिओलहरींचं ध्रुवीकरण, म्हणजे त्यांच्या कंपनाची दिशा, फिरतं, आणि हे फिरणं वारंवारितेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं. म्हणजे १४६ मेगाहर्ट्झची लहर ४३७ च्या लहरीपेक्षा सुमारे नऊपट फिरते. या फरकावरून वाटेतले इलेक्ट्रॉन काढता येतात. पण एका अँटेनाने एवढंसं आकाश दिसतं, म्हणून इतर कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांनीही ग्राउंड स्टेशनं उभारावीत असा बेत पहिल्यापासून होता.

वर्षं मोजली तर दोन्हीकडे दुखणं एकच. प्रथमचं काम २००७ ला सुरू झालं. स्वयमला सुमारे आठ वर्षं आणि १७० च्या वर विद्यार्थी लागले. डिग्री चार वर्षांची, म्हणजे सर्किट आखणारा उड्डाणाच्या वेळी कॉलेजात असेलच असं नाही. तेव्हा रेझिस्टरची किंमत का बदलली हे लिहून न ठेवणारी बॅच पुढच्यांचं सत्र खाते.

आज एखादं कॉलेज पहिला उपग्रह करत असेल तर मी स्वयमचा चुंबक सुचवेन. कॅमेरा सतत जमिनीकडे रोखायचा असेल तर मात्र प्रथमच्या वाटेने जावं लागेल, आणि कंट्रोल्सची टीम पहिल्या वर्षापासून हवी.