वर्दी उतरली, मग परवाना कशाला?

'साहेब तीस वर्षं पोलिसांत होते, त्यांना सिक्युरिटी एजन्सी काढायला परवाना लागत नाही.' हे वाक्य सोसायट्यांच्या मीटिंगमध्ये वर्षानुवर्षं फिरतंय. साफ चुकीचं आहे.

२००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी नियमन कायद्यानुसार परवाना सगळ्यांनाच लागतो, माजी पोलीस महासंचालकांनासुद्धा. रक्षक पुरवणं सोडाच, त्यांना नुसतं प्रशिक्षण देण्याचा धंदाही यात येतो. विनापरवाना चालवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा २५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

गैरसमजाचं मूळ बहुधा सवलतींत असावं. रक्षक नेमताना माजी सैनिक-पोलिसांना प्राधान्य आहे. केंद्राच्या आदर्श नियमांत इतरांना १०० तास वर्गात आणि ६० तास मैदानावर प्रशिक्षण आहे. यांना ४० आणि १६. कमी, पण माफ नाही!

आणि अधिकार? ते निवृत्तीबरोबर संपतात. डोळ्यांदेखत दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा घडला तर कुणीही नागरिक आरोपीला पकडू शकतो, पण सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. 'साहेबां'नाही तेवढंच. रक्षकांना पोलिसांसारखी दिसणारी खाकी घालणं तर वेगळा गुन्हा आहे.

तेव्हा करार करताना ओळखपत्रावरचं 'निवृत्त' वाचून भारावू नका, परवान्याची तारीख बघा. तो पाचच वर्षांचा असतो.