वर्गातला मॅशप आणि त्याच्या मागची शंभर वर्षं

आमच्याकडं बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात आता काही शाळा-कॉलेजात पोरांना असलं प्रोजेक्ट मिळतंय, पिक्चरच्या क्लिपा घ्या, त्याच्यावर गाणं बसवा आणि तीन-चार मिनिटांचा मॅशप करून वर्गात दाखवा. विषय पाणी, मैत्री, शेतकरी, कायपण. घरातले म्हणतात हे कसलं शिक्षण ओ, दिवसभर मोबाईलच हातात. पण हा उद्योग मोबाईलच्या लई आधीचा आहे, आणि गंमत म्हणजे त्याचा एक मोठा धागा जातो तो वर्गातच.

रशियात क्रांती झाल्यावर कोऱ्या फिल्मचा दुष्काळ पडला. मॉस्कोत 1919 मध्ये सरकारी फिल्म शाळा निघाली खरी, पण शूटिंग करायला रीळ कुठनं आणायचं? तिथं लेव्ह कुलेशोव्ह नावाचा मास्तर होता, मास्तर कसला, स्वतःच विशीतलं पोरगं, त्यानं आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी जुन्या पिक्चरची रिळं कापून वेगळ्या क्रमानं जोडायचा सपाटा लावला. त्यातला एक प्रयोग जगभर गाजला. मोझूखिन हा त्या काळचा मोठा नट, त्याच्या चेहऱ्याचा एकच शॉट घेतला, तोंडावर खास असा भाव काहीच नाही. त्याला एकदा सूपची वाटी जोडली, एकदा शवपेटीतलं लेकरू, एकदा एक बाई. बघणारे म्हणाले काय तो अभिनय, भूक काय दाखवली, दुःख काय दाखवलं! चेहरा तोच, शॉट तोच. ती फिल्म आज शिल्लक नाही, कुलेशोव्हचा विद्यार्थी पुडोव्हकिन यानं लिहून ठेवलं म्हणून आपल्याला ठाऊक.

म्हणून मला वाटतं, मॅशपला मार्क द्यायचे तर ते सांध्याला द्यावेत. क्लिप किती भारी शोधली आणि इफेक्ट किती टाकले याला मार्क देणारे सर-मॅडम बरेच असतात, पण दोन शॉट एकमेकांना चिकटल्यावर तिसरंच कायतरी दिसायला लागलं का, हे बघणारे कमी.

त्याच रशियात एस्फिर शुब या बाईनं 1927 मध्ये झारच्या घराण्यानं स्वतःच्या हौसेनं काढून घेतलेली चित्रणं आणि जुन्या न्यूजरील जमा करून झारच्याच विरोधात अख्खा पिक्चर उभा केला, स्वतः नवीन शूटिंग जवळपास न करता. आणि 1941 मध्ये, ऐन युद्धात, इंग्लंडच्या चार्ल्स रिडली यानं तर कहरच केला. नाझींच्या प्रचारपटातले संचलनाचे शॉट घेतले, पुढं-मागं, पुढं-मागं असे फिरवले आणि खाली त्या वेळचं एक लोकप्रिय इंग्रजी नाचगाणं लावलं, झालं, हिटलरची सेना ठुमकायला लागली. आज रीलवर नेत्याला नाचवतात ती आयडिया ऐंशी वर्षांच्या वरची आहे.

आता आपल्या भागाकडं या, कारण चित्र एकीकडचं आणि आवाज दुसरीकडचा ही गोष्ट इथल्या माणसाला नवीन नाहीच. बेळगावहून कोल्हापूर शंभर-सव्वाशे किलोमीटर, आणि मूकपटापासून मराठी पिक्चरचं माहेर तेच, प्रभात कंपनी 1929 मध्ये तिथंच निघाली आणि 1933 मध्ये पुण्याला गेली. पण पहिला कन्नड बोलपट ‘सती सुलोचना’ (1934) सुद्धा कोल्हापुरातच शूट झाला हे आमच्याकडं कितीजणांना माहीत असतं? भाषेवरनं भांडणारे दोन्हीकडचे लोक एवढं तरी लक्षात ठेवतील तर बरं होईल. पुढं 1960 च्या दशकापासून कन्नड चित्रपटसृष्टीनं कन्नडमध्ये डबिंग होऊ दिलं नाही, कायद्यानं बंदी नव्हती, धंद्यातल्या लोकांचाच विरोध, 2015 मध्ये कॉम्पिटिशन कमिशननं, म्हणजे धंद्यातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी आयोगानं, त्यावर दंड ठोकला तेव्हा कुठं दार उघडलं. तोवर इथल्या माणसानं हिंदी हिंदीत, मराठी मराठीत आणि कन्नड कन्नडमध्ये बघितलं, अर्धं कळलं अर्धं चेहऱ्यावरनं ओळखलं. त्यामुळं एखाद्या पोरानं मराठी पिक्चरच्या क्लिपखाली कन्नड गाणं टाकलं तर वर्गात कुणाच्या कानाला खटकत नाही.

आणि मॅशपचा खरा गावठी अवतार बघायचा तर बेळगावची शिवजयंती बघा. वैशाखात तिथीनुसार शिवजयंती होते आणि त्यानंतर चित्ररथांची मिरवणूक निघते ती रात्रभर चालते, नरगुंदकर भावे चौक ते पार पुढच्या गल्ल्यांतनं माणसांना पाय ठेवायला जागा नसते. प्रत्येक मंडळाचा ट्रॅक्टर, त्याच्या ट्रॉलीवर सजीव देखावा. स्टेजवरची पोरं बोलत नाहीत, फक्त ओठ हलवतात, आवाज आधीच भरून आणलेला. आणि तो आवाज जरा लक्ष देऊन ऐका. निवेदन गल्लीतल्याच कुणाच्यातरी खड्या आवाजात, त्याला लागून पोवाड्याचा तुकडा, मग एखाद्या जुन्या पिक्चरचा डायलॉग जसाच्या तसा, तलवारीचा खणखणाट कुठल्यातरी टीव्ही मालिकेतला, घोड्यांच्या टापा आणखी कुठल्या, आणि शेवटी आरतीच्या जागी परत सिनेमातलंच संगीत. एका वाक्याला दुसऱ्याचं ढोल चिकटलेलं असतं आणि मध्ये श्वास घ्यायलापण जागा नाही, कारण ट्रॉलीवरच्या अफझलखानाला त्याच ठोक्यावर पडायचं असतं. जनरेटर मध्येच खोकला की खान अर्धवट वाकून तसाच थांबतो, ऑपरेटर ट्रॅक मागं घेतो, आणि खान परत सुरुवातीपासून मरतो. एडिटिंगचा याहून चांगला धडा पुस्तकात नाही.

हे ट्रॅक पूर्वी कॅसेटवर असायचे. टू-इन-वनवर एकीकडनं प्ले, दुसरीकडं रेकॉर्ड, पॉज दाबून धरायचा आणि बरोबर ठेक्यावर सोडायचा. शाळेच्या गॅदरिंगच्या डान्सची गाणी अशीच जोडली जायची, सांध्यावर एक ‘टक्’ आवाज यायचाच आणि नाचणारी पोरं त्या टकवरच स्टेप बदलायची. मग लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटी आल्या. शूटिंगवाला लग्न शूट करायचा आणि मग ‘मिक्सिंग’ला न्यायचा, तिथनं परत यायला महिना-दोन महिने, पण आली की नवरीच्या सासरी जायच्या सीनवर सिनेमातलं बिदाईचं गाणं, हळदीवर दुसरं, आणि बदामाच्या आकारात नवरा-नवरी. हसायला येतं आता, पण पिक्चरचं गाणं आपल्या माणसांच्या चित्रावर बसवायचं ही सवय गावोगाव लावली ती या मिक्सिंगवाल्यांनी, त्यांचं नाव कुठल्याच इतिहासात नाही.

तिकडं अमेरिकेत त्याच सुमाराला चाहते मंडळी हेच करत होती. कँडी फाँग या बाईनं 1975 मध्ये ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या टाकून दिलेल्या फ्रेमांच्या स्लाइडी करून त्या गाण्याच्या तालावर प्रोजेक्टरनं दाखवल्या. 1982 मध्ये जिम कपोस्तास या पोरानं दोन व्हीसीआर जोडून जपानी कार्टूनच्या मारामारीखाली बीटल्सचं प्रेमाचं गाणं घातलं, ॲनिमे म्युझिक व्हिडिओची सुरुवात तिथनं धरतात. पुढं विंडोजबरोबर 2000 पासून मूव्ही मेकर फुकट मिळायला लागला, 2005 मध्ये यूट्यूब, 2018 मध्ये म्युझिकली नावाचं ॲप टिकटॉकमध्ये मिसळलं, 29 जून 2020 ला भारतात टिकटॉक बंद आणि लगेच इन्स्टाग्रामचं रील्स. एवढा प्रवास, पण पोराच्या बोटाला करायचं तेच, ठेक्यावर कापायचं.

इथं सीमाभागात एक गोष्ट मात्र जास्तीची सांभाळावी लागते. कुलेशोव्हचा चेहरा ज्याच्या शेजारी ठेवाल तसा दिसतो, तसं झेंड्याचं पण आहे. कुठला झेंडा, कुठला पुतळा कुठल्या गाण्यावर पडला, त्यातनं तुम्हाला म्हणायचं नव्हतं तेही म्हटलं जातं, आणि 1 नोव्हेंबरच्या आसपास तर विचारूच नका, एकीकडं कर्नाटक स्थापनेचा राज्योत्सव, एकीकडं महाराष्ट्रात जायचं म्हणणाऱ्यांचा काळा दिन, वर्गातला व्हिडिओ व्हॉट्सॲपवर गेला की त्याचं काय होईल सांगता येत नाही.

राहिला कायद्याचा प्रश्न, पालकसभेत पण येतो हा. आपला कॉपीराइट कायदा 1957 चा, त्याच्या कलम 52 मध्ये शिकवण्याच्या ओघात शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं केलेल्या नकलेला सूट आहे. ‘शिकवण्याच्या ओघात’ याचा अर्थ किती मोठा धरायचा यावर दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स खटल्यात 2016 मध्ये हायकोर्टानं बराच ऐसपैस अर्थ लावला, प्रकरण पुस्तकांच्या पानांचं होतं पण कलम तेच. म्हणजे वर्गात दाखवा, बिनधास्त. यूट्यूबवर टाकलं की गोष्ट वेगळी, तिथं 2007 पासून कंटेंट आयडी नावाची यंत्रणा आहे, कंपन्यांनी दिलेल्या मूळ गाण्या-पिक्चरशी तुमचा व्हिडिओ आपोआप ताडून बघते आणि जुळलं की क्लेम, मग जाहिरातीचे पैसे त्यांना जातात नाहीतर व्हिडिओच अडवला जातो. प्रोजेक्ट होतं म्हणून त्या मशीनला सांगून उपयोग नाही.

त्यातनं सुटायचं तर जुनं वापरा. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर 60 वर्षं चालतो, त्यामुळं प्रभातचे सगळे जुने पिक्चर, 1932 च्या ‘अयोध्येचा राजा’पासनं, केव्हाच मोकळे झालेत. फक्त गाण्याचं बघा हं, शब्द आणि चाल यांचा हक्क लिहिणारा-बांधणारा वारल्यानंतर 60 वर्षं धरतात. भजनी मंडळाकडनं तुकोबाचा अभंग पारंपरिक चालीत म्हणवून मोबाईलवर रेकॉर्ड केला तर तीपण कटकट नाही, फक्त मंडळाला विचारून करा.

आणि त्याच कलमात शाळेत पिक्चर किंवा गाणं लावायलाही मुभा आहे, पण बघणारे कोण हे लिहून ठेवलंय, शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि शाळेच्या कामाशी जोडलेली माणसं. आमच्याकडं गॅदरिंगला मैदानावर अख्खं गाव असतं, शेजारच्या गावचे पाहुणे पण, बाहेर शेंगा आणि गिरमीटच्या गाड्या, हे सगळे शाळेच्या कामाशी जोडलेले धरायचे का ते हेडसरांनी ठरवावं.