संगीत नाटकाचा अभ्यास: पद कोणाच्या तोंडी?

संगीत नाटकाचा अभ्यास करायचा म्हटलं की बहुतेक जण नाट्यगीतं ऐकायला घेतात. आधी रेकॉर्ड, मग मैफल, आणि जमलंच तर संहिता. मला हा क्रम उलटा वाटतो. पद, म्हणजे नाटकातलं गाणं, कोणाच्या तोंडी आहे आणि कथेत नेमकं कुठे येतं, हे ठाऊक नसेल तर त्याची चालसुद्धा अर्धीच कळते.

१८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा गाण्याचा भार सूत्रधारावर होता. तो पदांतून कथा पुढे न्यायचा आणि पात्रं प्रसंग पाहून बोलायची. ‘इंद्रसभा’ हे पारशी कंपनीचं नाटक पाहून अण्णासाहेब किर्लोस्करांनी मराठीत तसा प्रयोग करायचं मनावर घेतलं. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक झाले आणि गाणं पात्रांच्या तोंडी आलं. साकी-दिंडी या वृत्तांच्या, कीर्तनातल्या आणि लावणीच्या चाली, सगळ्या लोकांच्या कानावरच्या. पदं दोनशेच्या घरात, म्हणजे एकेक पद आटोपशीर. गाता गाता संवाद चाललेला. किर्लोस्करांच्याच ‘सौभद्र’मधलं ‘प्रिये पहा’ घ्या. कृष्ण रुक्मिणीला रात्र सरल्याचं सांगतो आणि त्या पदातच प्रवेशाची वेळ कळते. ते पद काढलं तर प्रवेशातली पहाटच जाते.

किर्लोस्करांच्या मंडळीतले गायक नट भाऊराव कोल्हटकर यांच्या आवाजानं लोकांना नटाचं गाणं ऐकायची ओढ लावली. पुढे ‘मानापमान’ला (१९११) गोविंदराव टेंब्यांनी आणि ‘स्वयंवर’ला (१९१६) भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या, तेव्हा रागदारी थेट रंगमंचावर आली. पदं कमी झाली, पण एकेक पद रंगू लागलं. वन्स मोअर पडत गेले, खेळ रात्रभर चालले. इथे नाटकाची मैफल झाली अशी टीका होते आणि ती खोटी नाही. पण बालगंधर्वांच्या तानेत शब्द हरवत नाही. ‘स्वयंवर’मध्ये त्यांनी केलेल्या रुक्मिणीचा लाडिकपणा आलापातही शाबूत राहतो. हे गाण्याइतकंच अभिनयाचंही काम आहे.

बोलपट आले, नाटक कंपन्या मोडल्या. १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’नं मोजकी, भावगीताच्या वळणाची पदं आणली आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. साठच्या दशकात संगीतकार जितेंद्र अभिषेकींनी पद पुन्हा आटोपशीर केलं. ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये (१९६७) तर दोन घराण्यांची गायकी हाच संघर्षाचा विषय, वसंतराव देशपांड्यांचा खाँसाहेब गायला नाही तर कथाच उभी राहत नाही.

म्हणून अभ्यासाला जुनी छापील संहिता जवळ हवी. पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरात राग, ताल आणि ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचे पहिले शब्द दिलेले असतात. बहुतेक जण ती ओळ ओलांडून जातात, पण पद कुठून आलं ते तीच सांगते. आधी मूळ चीज मिळाली तर ऐकावी, मग पदाच्या आधीचा आणि नंतरचा संवाद मोठ्यानं वाचावा आणि त्यानंतर रेकॉर्ड लावावी. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत; रंगमंचावरचा विस्तार, पेटीवाल्यानं भरलेली जागा, समोरच्या पात्राचं ऐकणं, यातलं बरंचसं तिच्याबाहेरच राहिलं आहे.