वीस बाइटांचं गृहीतक: गिटच्या डागडुजीची पार्श्वभूमी

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारी आला की बांभोरी, शिरपूर, धुळे, फैजपूरकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांत 'गुगल समर ऑफ कोड'ची, म्हणजे नवोदितांना मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांत काम देणाऱ्या गुगलच्या उपक्रमाची, चर्चा सुरू होते. कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं जे गिट आपण रोज वापरतो त्याच्याच कोडमध्ये काम करायचं, या कल्पनेने मुलं हरखतात. मग अर्जाआधी करायचा 'मायक्रोप्रोजेक्ट' समोर येतो आणि चेहरे उतरतात. काम काय, तर एखाद्या जुन्या चाचणीत फाईल आहे की नाही हे 'टेस्ट डॅश एफ'ने तपासलेलं असतं, तिथे 'टेस्ट पाथ इज फाईल' हे गिटचं स्वतःचं फंक्शन घालायचं. दोन-चार ओळींचा बदल. त्यासाठीही पॅच, म्हणजे बदलाचा मजकूर, मेलने पाठवायचा, शेरे घ्यायचे, पुन्हा पाठवायचा. "भाऊ, एवढ्यासाठी सी शिकलो का?" असं मुलं विचारतात.

प्रश्न रास्त आहे, पण आधी ती ओळ जवळून पाहू. 'टेस्ट डॅश एफ' ही शेलची, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामची, मूळ आज्ञा. फाईल नसली की ती अपयश कळवते, पण चकार शब्द काढत नाही. चाचणीत बऱ्याच पायऱ्या असल्या तर कुठे घोडं अडलं ते शोधत बसा. गिटचं फंक्शन तेच तपासतं, फक्त फाईल सापडली नाही तर तिचं नाव घेऊन तसं छापतं. दुसरा नेहमीचा मायक्रोप्रोजेक्ट पाइपचा, म्हणजे एका आज्ञेचं आउटपुट थेट दुसरीला देण्याचा. डावीकडे गिटची आज्ञा, उजवीकडे ओळी मोजणारी 'डब्ल्यूसी'. शेल निकाल धरतं तो शेवटच्या आज्ञेचा. म्हणजे सगळं छापून झाल्यावर गिट कोसळलं तरी ओळींची संख्या जुळते आणि चाचणी पास होते! म्हणून आउटपुट आधी फाईलमध्ये घ्यायचं आणि मग मोजायचं. अशा चाचण्या भरवशाच्या नसतील तर आतला सी कोड हलवायची कुणाची छाती होणार नाही. आणि गिटचा आतला कोड गेली वीस वर्षं सतत हलवावा लागतो आहे. का, ते समजायला २००५ मध्ये जावं लागतं.

लिनक्स कर्नलचा कोड २००२ पासून बिटकीपर या व्यावसायिक प्रणालीत ठेवला जात होता. २००५ च्या एप्रिलमध्ये तिचा फुकट वापर बंद झाला आणि लिनस टॉरवल्ड्स यांनी स्वतःची प्रणाली लिहायला घेतली. सुरुवात ३ एप्रिलला, आणि ७ एप्रिलला गिटचा कोड गिटमध्येच ठेवला गेला. तो पहिला कमिट, म्हणजे नोंदवलेला बदल, अकरा फाईलींचा, साधारण बाराशे ओळींचा. आजच्या एखाद्या डिप्लोमा प्रोजेक्टचा कोड याहून मोठा भरेल. २६ जुलैला लिनस यांनी देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे सोपवली. म्हणजे लिनस यांच्या हाती गिट चार महिनेसुद्धा नव्हतं. त्यानंतरची सगळी वर्षं हमानो यांची आहेत. आपल्याकडे कोनशिलेवरचं नाव सगळ्यांना पाठ असतं आणि वर्षानुवर्षं गळती काढणाऱ्याचं कुणाला ठाऊक नसतं. गिटचंही तेच झालं आहे.

घाईत लिहिलेल्या त्या कोडमध्ये तीन गोष्टी गृहीत धरल्या होत्या. ऑब्जेक्टचं (गिटने साठवलेल्या प्रत्येक गोष्टीचं) नाव म्हणजे एसएचए-१ या पद्धतीने मजकुरावरून काढलेला वीस बाइटांचा ठसा, म्हणजे हॅश, ही पहिली. एका प्रोसेसमध्ये (चालू प्रोग्राममध्ये) एकच रिपॉझिटरी, म्हणजे प्रोजेक्टचं इतिहासासह कोठार, उघडी असणार, ही दुसरी. आणि प्रोसेस क्षणभरच जगणार, तेव्हा मेमरी परत केली नाही तरी ऑपरेटिंग सिस्टिम बघून घेईल, ही तिसरी. तेव्हाच्या गरजेला तिन्ही बरोबर होत्या, आणि मला तरी त्यात चूक दिसत नाही. गिट वेगवान झालं ते बऱ्याच अंशी त्यांच्यामुळेच. पण वापरणारे वाढले की पाया उकरणं अवघड होतं. सुरुवातीला हॅश काढला जायचा तो आकुंचित केलेल्या मजकुराचा. २० एप्रिलला लिनस यांनी तो आकुंचनाआधीच्या मजकुराचा काढायचं ठरवलं. जुन्या रिपॉझिटऱ्या बदलून घ्यायला एक छोटा प्रोग्राम पुरला. वय दोन आठवड्यांचं होतं म्हणून हे निभावलं.

पुढे हॅश बदलायची वेळ आली तेव्हा किती वर्षं गेली ते पाहा. सी कोडमध्ये जिथे-तिथे 'अनसाइन्ड कॅरेक्टर एसएचए१' आणि कंसात २० असं लिहिलेलं. कुठे वीस बाइट कॉपी केले जात, कुठे (ते वीस बाइट लिहायला लागणारी) चाळीस अक्षरं पुढे सरकून मजकूर वाचला जाई. या वीस आणि चाळीसचा अर्थ हॅशची लांबी आहे, हे कंपायलरला कळायला मार्ग नव्हता; तो फक्त आकडा होता. २०१५ मध्ये ब्रायन कार्लसन यांनी या उघड्या बाइटांना 'ऑब्जेक्ट आयडी' नावाच्या स्ट्रक्चरमध्ये बंद करायला सुरुवात केली. एका फंक्शनचा पॅरामीटर बदलला की त्याला हाक मारणारी सगळी फंक्शनं बदलावी लागतात, त्यांना हाक मारणारी त्यानंतर. बाहेरून पाहणाऱ्याला गिटमध्ये काहीच नवं दिसत नव्हतं.

२३ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संशोधन संस्था आणि गुगल यांनी एकच एसएचए-१ हॅश असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ फाईली जगासमोर ठेवल्या. गिटने त्याच वर्षी मे महिन्यातल्या २.१३ आवृत्तीत अशी टक्कर ओळखणारं एसएचए-१ मुळातच लागू केलं. ती तात्पुरती बांधबंदिस्ती होती. खरा उपाय, म्हणजे बत्तीस बाइटांच्या एसएचए-२५६ वर चालणारी रिपॉझिटरी, प्रयोगाच्या पातळीवर वापरता आली ती ऑक्टोबर २०२० मध्ये, २.२९ आवृत्तीत. चाचण्यांमध्येही चाळीस अक्षरी हॅश थेट लिहून ठेवलेले होते. तेसुद्धा एकेक करून काढावे लागले. २०१५ ची कंटाळवाणी सुरुवात झालेली नसती तर २०१७ नंतर पहिल्या पायरीपासून चढावं लागलं असतं.

अशा बदलांची खरी डोकेदुखी सी भाषेत नाही, वेळापत्रकात आहे. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या फडांवर पाट साफ करायचा तो पाण्याची पाळी सुरू होण्याआधी, सगळ्या लाभधारकांनी मिळून. गिटच्या पाटाला कोरडा हंगाम नाही. कोणत्याही दिवशी कितीतरी जणांचे पॅच वाटेत असतात. हमानो प्रत्येक विषयाला वेगळी ब्रँच, म्हणजे कामाची स्वतंत्र फांदी, देतात. ती आधी 'सीन' नावाच्या ब्रँचमध्ये बाकीच्यांशी जुळवून पाहिली जाते, मग 'नेक्स्ट'मध्ये मुरते आणि शेवटी 'मास्टर'मध्ये येते. एखाद्याने उत्साहाने शंभर फाईलींत एका फंक्शनचं नाव बदललं, तर वाटेतल्या प्रत्येक पॅचशी त्याचा कॉन्फ्लिक्ट होतो आणि तो सोडवायचं ओझं बहुतेक हमानो यांच्याच डोक्यावर येतं. म्हणून जुन्या हातांचे रिफॅक्टरिंगचे (वागणूक तीच ठेवून कोडची मांडणी बदलणारे) पॅच लहान तुकड्यांत येतात. नवं फंक्शन आणलं तरी जुनं काही काळ शेजारी राहतं, आणि शेवटचा वापर गेला की जुनं काढून टाकतात.

यांत्रिक बदलांसाठी २०१६ पासून कॉक्सिनेल हे साधन वापरात आहे. 'या आकाराचा कोड दिसला की त्याचा असा आकार कर' असा नियम लिहायचा, ते संपूर्ण कोडमध्ये शोधून पॅच तयार करतं. फायदा असा की तपासणाऱ्याला शेकडो बदलांऐवजी नियम नीट वाचता येतो, आणि पुढे कुणी जुन्या पद्धतीने लिहिलं तर तोच नियम पुन्हा चालवता येतो.

दुसऱ्या, म्हणजे एकाच रिपॉझिटरीच्या, गृहीतकाचं ठाणं होतं 'कॅश डॉट एच' ही हेडर फाईल. ती पहिल्या कमिटपासून होती. वर्षानुवर्षं ज्याला जागा सापडली नाही ते त्यात गेलं, आणि जवळजवळ प्रत्येक सी फाईल तिला इन्क्लूड करू लागली. रिपॉझिटरीबद्दलची माहिती ग्लोबल, म्हणजे कुठूनही दिसणाऱ्या, व्हेरिएबलांत. आता समजा मुख्य प्रोजेक्टच्या आत सबमॉड्यूल, म्हणजे दुसरी रिपॉझिटरी, आहे आणि दोन्हींत एकदम शोधायचं आहे. एकाच प्रोसेसला दुसरी रिपॉझिटरी माहीतच नसल्याने सबमॉड्यूलसाठी नवी प्रोसेस सोडावी लागे. २०१७ मध्ये 'स्ट्रक्ट रिपॉझिटरी' आलं, आणि कोणती रिपॉझिटरी ते फंक्शनला पॅरामीटर म्हणून द्यायची सोय झाली. 'कॅश डॉट एच'मधला मजकूर ज्याच्या-त्याच्या घरी पोहोचवून ती फाईल २०२३ मध्ये कायमची काढली गेली. हे काम मुख्यतः एलायजा न्यूरन यांनी केलं. ज्यांना गिट लायब्ररीसारखं वापरायचं होतं ते एवढं थांबले नव्हतेच. लिबगिट२ हा स्वतंत्र प्रकल्प आणि जावातलं जेगिट त्याआधीच उभे राहिले होते.

शेल आणि पर्लमधून सीमध्ये आणलेल्या आज्ञांचा इतिहास आपल्याकडच्या मुलांना जवळचा वाटावा, कारण कॉलेजच्या लॅबमध्ये बहुतेक विंडोजच असतं. गिटच्या बऱ्याच आज्ञा सुरुवातीला शेल स्क्रिप्ट होत्या. लिनक्सवर नवी प्रोसेस सोडणं स्वस्त, विंडोजवर महाग. कमिट दुसऱ्या पायावर पुन्हा रचणाऱ्या 'रीबेस'सारख्या आज्ञेत एकेका कमिटमागे अनेक प्रोसेस सुटायच्या आणि विंडोजवाला वाट पाहत बसायचा. 'रीबेस'चं सीतलं रूप डिसेंबर २०१८ च्या २.२० मध्ये आलं, अर्धवट बदल बाजूला ठेवणाऱ्या 'स्टॅश'चं जून २०१९ च्या २.२२ मध्ये. दोन्हींत समर ऑफ कोडच्या विद्यार्थ्यांच्या कामाचा मोठा वाटा आहे. ते उतरवलं कसं, हे मला जास्त शिकण्यासारखं वाटतं. नवं रूप आलं तरी जुनी स्क्रिप्ट लगेच फेकली नाही. एक सेटिंग बदललं की काही काळ जुनीच चालवता येत होती. ब्रँच एकत्र करणाऱ्या मर्जच्या बाबतीतही तसंच. जुनं 'रिकर्सिव्ह' मर्ज करता करताच कामाच्या फाईलींना हात लावायचं. न्यूरन यांनी नव्याने लिहिलेलं 'ऑर्ट' आधी सगळं मेमरीत ठरवतं आणि मग लिहितं. त्याच चाचण्या दोन्ही पद्धतींवर चालवल्या जात. २०२१ च्या नोव्हेंबरात, २.३४ मध्ये, ऑर्ट मुळातली पद्धत झाली. जुन्याचा कोड २०२५ मध्ये गेला.

ब्रँचची नावं हाही विंडोजचाच एक त्रास. प्रत्येक ब्रँच म्हणजे डिस्कवर एक फाईल, ही रचना साधी आहे; पण जिथे फाईलच्या नावात लहान-मोठं इंग्रजी अक्षर वेगळं धरत नाहीत तिथे एकाने मोठ्या 'एल'ने 'लॉगिन' आणि दुसऱ्याने लहान 'एल'ने 'लॉगिन' केलं की घोळ. रेफ, म्हणजे ब्रँचसारखी नावं, साठवण्याचा कोड एका इंटरफेसमागे नेल्यानंतरच रेफटेबल ही दुसरी साठवण शक्य झाली. ती एप्रिल २०२४ च्या २.४५ मध्ये आली.

आता थोडं सी भाषेबद्दल, कारण मुलं इथेच हमखास अडखळतात. 'फॉर'च्या कंसातच व्हेरिएबल जाहीर करणं ही १९९९ च्या सी मानकातली सोय. गिटमध्ये मात्र २०२१ च्या अखेरपर्यंत ती चालत नव्हती! टर्बो सीवर हात बसवलेल्या आमच्या पिढीला याचा उगीचच आनंद होतो. कारण साधं: गिट नाना जुन्या प्रणालींवर जुन्या कंपायलरने बांधलं जातं, आणि त्यातलं कोण कुठे आहे याची यादी कुणाकडेच नाही. म्हणून नवी सोय आधी एकाच जागी, सगळीकडे कंपाइल होणाऱ्या फाईलीत वापरायची आणि बोंब येते का पाहायचं. याला 'टेस्ट बलून' म्हणतात. 'एनम'मधल्या शेवटच्या नावानंतरचा एक स्वल्पविराम २०१२ पासून कोडमध्ये होता. कुणी ओरडलं नाही.

तिसरं गृहीतक सुटायलाही बराच काळ गेला. मेमरी परत न करण्याची सवय मोडायला चाचण्यांवर लीक शोधणारी तपासणी बसवली गेली, आणि जानेवारी २०२५ च्या २.४८ पर्यंत चाचण्या त्यातून स्वच्छ निघू लागल्या. त्याआधी २०१८ मध्ये 'एसटीआरकॉपी'सारखी धोक्याची फंक्शनं बंद केली गेली: कुणी वापरलंच तर कंपायलरच्या त्रुटीत 'माफ करा, या फंक्शनवर बंदी आहे' अशा अर्थाचं नाव दिसतं. एवढा सभ्य कंपायलर मी दुसरा पाहिलेला नाही.

हे सगळं माहीत असलं की गिटच्या नियमावलीतली एक सूचना खटकत नाही: खऱ्या बदलाची तयारी म्हणून शैली सुधारा, पण निव्वळ शैलीसाठी चालू कोड ढवळू नका. स्पेस आणि टॅब नीट करणारा पॅच म्हणूनच परत येतो, आणि 'टेस्ट डॅश एफ'चा घेतला जातो. पुढचं काम हवं असेल तर तेही कोडमध्येच लिहिलेलं आहे. जुलै २०२४ च्या २.४६ पासून, जी फाईल अजून रिपॉझिटरीच्या ग्लोबल व्हेरिएबलवर अवलंबून आहे तिच्या डोक्यावर तसं सांगणारा एक मॅक्रो असतो. तो काढून कंपाइल केलं की कंपायलर अडलेली प्रत्येक जागा दाखवतो; तिथे रिपॉझिटरी पॅरामीटरने पोहोचवायची. एका पॅचमध्ये एकच फाईल घ्यावी, आणि हात घालण्याआधी 'सीन' ब्रँचवर तीच फाईल दुसऱ्या कुणी उचललेली नाही ना, हे बघून घ्यावं.