कोळशावरचे डोंगर

विदर्भातल्या वणीहून घुग्घुसकडे निघालं की कपाशीच्या सपाट रानात अचानक डोंगर लागतात. माथा विळ्याने छाटल्यासारखा सपाट, उतारावर झुडपं. आजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणी हे नव्हते. कोळशाच्या डोक्यावरची माती अन् दगड उपसून हे ढीग रचलेत. खाणीतली माणसं त्यांना नुसतं 'ओबी' म्हणतात, म्हणजे ओव्हरबर्डन.

हा वर्धा खोऱ्यातला गोंडवनी कोळसा, २५ कोटी वर्षांहून जुना. (गोंडवन हे नाव जगभरच्या भूगर्भशास्त्राला आपल्याच गोंडांच्या मुलखाने दिलं.) दलदलीतली झाडं गाळाखाली गाडली गेली आणि दाबाने, उष्णतेने त्यांचा कोळसा झाला. त्या गाळाचा बराच अंश कोळशातच राहिला. म्हणून आपला कोळसा जळून राख फार पडते.

देशातला नव्वद टक्क्यांहून अधिक कोळसा आज ओपन कास्ट, म्हणजे उघड्या खाणींतून निघतो. आधी खडकात ओळीने भोकं पाडून त्यांत स्फोटकं भरतात. भोंगा वाजतो, रस्ता अडवतात आणि मग आवाजाआधी पायाखालची जमीन हलते. धुरळा बसला की शॉवेल, म्हणजे खोदून उचलणारं अजस्र यंत्र, पुढे सरकतो आणि चार-पाच बकेटांत डंपर भरतो. खाण पायऱ्यापायऱ्यांनी खाली जाते. काठावरून बघितलं तर तळातला डंपर काडेपेटीएवढा दिसतो. प्रत्यक्षात त्याचं चाक माणसाहून उंच असतं.

खरा हिशेब मात्र मातीचा. टनभर कोळशासाठी किती घनमीटर ओबी उपसावा लागतो, यावर खाण परवडते की नाही ते ठरतं. समजा पाच घनमीटर. घनमीटरभर खडक दोन टनांहून जड, म्हणजे टनभर कोळशामागे दहा टनांहून जास्त दगडमाती हलवायची. ते डोंगर उगाच नाही वाढले.

कोळसा फार खोल असला की जमिनीखालून जावं लागतं. तिथे रस्ते खोदत जातात आणि मधे कोळशाचेच चौकोनी खांब सोडतात. छत त्यांच्यावर तोललेलं असतं. पण खांबांतही कोळसाच! म्हणून शेवटी मागे सरकत तेही काढतात. मग एक तर पोकळीत वाळू भरायची, नाहीतर छत खाली बसू द्यायचं. खांब तसेच सोडले तरी काळजी संपत नाही, वर्षानुवर्षांच्या पाण्याने ते कमकुवत होतात.

२०२२च्या ऑगस्टमध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गडप झालं. त्या भागाखाली जुनी भूमिगत खाण होती. हादरा जाणवताच घरातली माणसं बाहेर धावली, म्हणून वाचली.