ड्रेन थिअरी (आर्थिक निःसारणाचा सिद्धांत)

भारत गरीब का झाला? इथली संपत्ती दरवर्षी इंग्लंडला जात राहिली आणि बदल्यात काहीच आलं नाही म्हणून, असं सांगणारा हा सिद्धांत दादाभाई नौरोजींचा. १८६७ला त्यांनी तो लंडनमध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे मांडला, पुढची तीसेक वर्षं आकडे जमवत राहिले आणि १९०१ला 'पॉव्हर्टी अँड अनब्रिटिश रूल इन इंडिया' हे पुस्तक आलं. माणशी वर्षाचं उत्पन्न त्यांनी काढलं २० रुपये, आणि सरकारचेच आकडे घेऊन दाखवलं की जेलमधल्या कैद्याच्या अन्न-कपड्यावरसुद्धा याहून जास्त खर्च होतो! लोक आळशी, लोकसंख्या फार, दुष्काळ पडतात, ही तेव्हाची (आणि आजचीही) ठरलेली उत्तरं त्यापुढे टिकत नाहीत.

पैसा जायचा कसा, तर होम चार्जेसमधून. म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पेन्शनी, कर्जावरचं व्याज, लंडनच्या इंडिया ऑफिसचा खर्च, शिवाय रेल्वे कंपन्यांना साधारण ५ टक्के परताव्याची हमी, तोटा झाला तरी भरायचा रयतेनेच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कौन्सिल बिलं, म्हणजे भारतमंत्री (ब्रिटिश सरकारातला भारताचा मंत्री) लंडनला विकायचा त्या रुपयांच्या हुंड्या. इथून कापूस, गहू, ताग बाहेर जायचा, परदेशी खरेदीदार त्याचे पाउंड लंडनला भरून ही बिलं घ्यायचा आणि ती वटली की इथल्या तिजोरीतून रुपये मिळायचे, जे शेतकऱ्याच्याच शेतसाऱ्यातून आलेले. म्हणजे त्याचा माल त्याच्याच पैशाने विकत घेतला आणि पाउंड तिकडेच राहिले.

दादाभाईंच्या आधी १८४१ला भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी 'बॉम्बे गॅझेट'मध्ये टोपणनावाने पत्रं लिहून हीच लूट मांडली होती, हे मराठी माणसालाही फारसं माहीत नसतं.

न्यायमूर्ती रानड्यांचं मत जरा वेगळं. १८९०च्या पुण्यातल्या औद्योगिक परिषदेत ते म्हणाले की यातला काही भाग आलेल्या भांडवलाचं व्याज आहे, नुसतं यावरच अडून बसू नका, कारखाने काढा. मला दोघांचंही पटतं, पण कारखान्याला लागणारं भांडवलच बाहेर चाललं होतं हा दादाभाईंचा मुद्दा त्याने खोडला जात नाही.

असाच विचार पुढे बाहेरही दिसतो: १९५०च्या सुमारास अर्जेंटिनाचे अर्थतज्ज्ञ राउल प्रेबिश यांनी कच्चा माल विकणाऱ्या देशांचं व्यापारात नुकसान कसं होतं ते मांडलं, १९६०च्या दशकात अर्थतज्ज्ञ आंद्रे गुंडर फ्रँकने अविकसितपणा हा वसाहतवादानेच घडवला असं म्हटलं, यालाच डिपेन्डन्सी थिअरी म्हणतात.